फायब्रोमायल्जिया आणि तेल, काढे, गुग्गुळ: बडोद्यात राहून नीट निवड कशी करायची

‘अंग दुखतं’ असं एकदा तोंडातून निघालं की बडोद्याच्या मराठी घरात औषधं आपल्या पायांनी चालत येतात. आत्या महानारायण तेलाची अर्धी बाटली देऊन जातात. शेजारच्या बेन ‘वा छे, बीजुं कंई नथी’ (वात आहे, दुसरं काही नाही) म्हणत मेथीपाकाचा डबा ठेवतात. भाचा मोबाइलवर अश्वगंधाच्या गोळ्यांची जाहिरात पाठवतो. आणि गावाकडच्या कुणाची तरी पुडी, ‘तीन दिवसांत फरक’ या हमीसकट, कुणी ना कुणी सुचवतंच.

फायब्रोमायल्जिया झालेल्या माणसाला यातलं काहीही नाकारणं जड जातं. रक्ताचे रिपोर्ट नॉर्मल, एक्स-रे नॉर्मल, आणि दुखणं मानेपासून पोटऱ्यांपर्यंत. डॉक्टरांकडे पाच मिनिटं मिळतात, वैद्यांकडे अर्धा तास. मग पाय तिकडे वळतात, यात नवल नाही. हा आजार असलेले बहुतेक लोक कधी ना कधी पर्यायी उपचार घेतातच, आणि त्यातले पुष्कळ जण आपल्या डॉक्टरांना ते सांगत नाहीत.

मी डॉक्टर नाही. हा आजार अंगावर वागवणारी, दांडिया बाजारात वाढलेली बाई आहे. इतक्या वर्षांत माझं एक मत पक्कं झालंय: बाहेरून करायचे उपाय आधी, पोटात घ्यायचे सगळ्यात शेवटी, एका वेळी एकच, आणि जे काही चाललंय ते दोन्हीकडच्या डॉक्टरांना माहीत असलेलं बरं. हे प्रत्यक्षात कसं करायचं ते पुढे क्रमाने लिहिते.

आधी निदान पक्कं करून घ्या

पूर्वी, १९९० च्या निकषांनुसार, शरीरावरचे १८ बिंदू दाबून पाहत आणि त्यांतले ११ दुखले की फायब्रोमायल्जिया म्हणत. अमेरिकन कॉलेज ऑफ ऱ्हुमॅटॉलॉजीचे २०१० चे निकष आणि त्यांची २०१६ ची सुधारणा आल्यापासून रीत बदलली. आता शरीराच्या १९ भागांपैकी किती ठिकाणी दुखतं ते मोजतात, त्याला थकवा, झोपून उठल्यावरही ताजंतवानं न वाटणं आणि डोकं न चालणं यांची तीव्रता जोडतात. हे सगळं किमान तीन महिने टिकलेलं असावं लागतं.

यात सांध्याला सूज नसते, स्नायू खराब झालेले नसतात. मज्जासंस्था वेदनेचे संदेश अवाजवी वाढवून मेंदूकडे पोचवते, म्हणून साधा दाबही दुखतो. ही गोष्ट उपचार निवडताना फार कामाची आहे. कुणी ‘सूज उतरवणारा काढा’ देऊ लागलं तर विचारा, सूज आहेच कुठे? आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅकसारख्या नेहमीच्या वेदनाशामक गोळ्यांचा या आजारात फारसा उपयोग होत नाही, त्याचंही कारण हेच.

पण फायब्रोमायल्जिया समजून भलतंच काही अंगावर काढलं जाऊ नये. थायरॉइड मंदावला, डी जीवनसत्त्व किंवा बी-१२ कमी झालं, सुरुवातीचा आमवात असला, कोलेस्टेरॉलसाठी स्टॅटिन चालू असलं, तरी अंग असंच दुखू शकतं. सयाजी हॉस्पिटलच्या मेडिसिन ओपीडीत किंवा खासगी संधिवाततज्ज्ञांकडे एकदा जाऊन रक्तपेशी, ईएसआर आणि सीआरपी (अंगातली सूज दाखवणाऱ्या तपासण्या), टीएसएच (थायरॉइडची) आणि ही दोन जीवनसत्त्वं तपासून घ्या. आपोआप घटणारं वजन, बारीक ताप, सांध्यांना डोळ्यांनी दिसणारी सूज, हातापायांतली ताकद जाणं, लघवी-शौचावरचा ताबा सुटणं, किंवा पन्नाशीनंतर दुखणं नव्यानेच सुरू होणं, यांतलं काही असेल तर तेल-काढ्यांचा विचार बाजूला ठेवून आधी डॉक्टर गाठा.

दोन आठवडे फक्त लिहा

काहीही नवीन सुरू करण्याआधी दोन आठवडे वही ठेवा. कंटाळवाणं काम आहे, पण पुढचं सगळं यावर उभं आहे. माझ्या वहीत रोज एक ओळ असते: दुखणं शून्य ते दहामध्ये किती, झोप कशी, सकाळचा ताठरपणा किती मिनिटं, आणि एक ठरावीक काम जमलं का. हे काम ज्याचं त्याने निवडायचं. मी ‘ओट्याशी उभं राहून पोळ्या’ हे निवडलंय. दुखण्याचा आकडा मनाच्या लहरीवर थोडा हलतो. पोळ्या उभ्याने झाल्या की मध्ये बसावं लागलं, यात लहरीला जागा नाही.

याच ओळीच्या शेवटी पाळी, पाहुणे, प्रवास, ढगाळ हवा, गरबा असं काही विशेष असेल तर एका शब्दात. नवरात्रानंतरचा आठवडा बडोद्यातल्या बऱ्याच जणींच्या वहीत वाईट दिसेल. तो गरब्याचा हिशेब आहे, त्याचं खापर औषधावर फोडू नका आणि त्या आठवड्यात नवीन औषधही सुरू करू नका.

आणखी एक कारण आहे. हा आजार वरखाली होत राहतो. आपण नवा उपाय नेहमी सगळ्यात वाईट दिवसांत सुरू करतो, आणि वाईट दिवसांनंतर थोडे बरे दिवस तसेही येणारच असतात. त्याचं श्रेय त्या आठवड्यात जे पोटात गेलं असेल त्याला मिळतं. आधीची दोन आठवड्यांची सरासरी हाताशी असली की ही फसगत टळते. दहापैकी दोन अंकांनी, म्हणजे साधारण तीस टक्क्यांनी दुखणं उतरलं तर तो खरा फरक, असं वेदनेवर काम करणारे संशोधक मानतात. अर्ध्या अंकासाठी महिन्याला तीन हजार रुपये घालवायचे का, ते आपलं आपण ठरवावं.

पहिला उपाय: हालचाल आणि योग

युरोपातल्या संधिवाततज्ज्ञांच्या संघटनेने २०१७ मध्ये फायब्रोमायल्जियावरच्या सगळ्या उपचारांचा आढावा घेऊन शिफारशी दिल्या. त्यात ठाम शिफारस फक्त एकाच गोष्टीला मिळाली: व्यायाम. प्रीगॅबालिन, ड्युलॉक्सेटिन, रात्रीची कमी मात्रेतली ॲमिट्रिप्टिलिन या गोळ्यांनाही त्यांनी सौम्य शिफारस दिली, आणि योग, ताई ची (संथ हालचालींचा चिनी व्यायाम), ध्यानावर आधारित कार्यक्रम, ॲक्युपंक्चर, गरम पाण्यातले उपचार यांनाही तशीच सौम्य. म्हणजे योगाकडे ‘पर्यायी’ म्हणून नाक मुरडायचं कारण उरत नाही.

अमेरिकेत ऑरेगॉनमध्ये २०१० साली ५३ स्त्रियांवर आठ आठवड्यांचा योग कार्यक्रम करून पाहिला. त्यात सौम्य आसनं, श्वसन, ध्यान आणि आपसांत चर्चा असं सगळं होतं. दुखणं, थकवा आणि मनःस्थिती, तिन्हींत सुधारणा दिसली. ताई चीवर २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेला २२६ रुग्णांचा अभ्यास मोठा. त्यात ताई चीचा परिणाम एरोबिक व्यायामाच्या बरोबरीचा किंवा त्याहून सरस निघाला. बडोद्यात ताई ची शिकवणारा शोधत बसण्यापेक्षा योग हाताशी आहे, तो घ्या.

आपल्याकडे हा धागा तसा जुना आहे. डभोईत जन्मलेले जगन्नाथ गणेश गुणे, म्हणजे पुढचे स्वामी कुवलयानंद, बडोद्याच्या जुम्मादादा व्यायाम मंदिरात प्राध्यापक माणिकरावांच्या हाताखाली तयार झाले. १९२४ मध्ये लोणावळ्याला कैवल्यधाम काढून त्यांनी योगक्रिया यंत्रांनी मोजायला सुरुवात केली. परंपरेवर त्यांचा विश्वास होता, तरी त्यांनी ती मोजून घेतली. वही ठेवायचा कंटाळा आला की मी डभोईच्या या गृहस्थांची आठवण काढते.

सुरुवात मात्र हास्यास्पद वाटेल इतकी छोटी करा. कमाटीबागेत सकाळी पाच ते दहा मिनिटं सपाटीवर चालणं. आठवडाभर तेवढंच. अंगाने तक्रार केली नाही तर दोन मिनिटं वाढवा. हळूहळू आठवड्यातून दोन-तीनदा वीस ते तीस मिनिटांपर्यंत पोचायचं, त्याला दोन-तीन महिने लागले तरी चालतील. खरी परीक्षा बऱ्या दिवशी असते. आज बरं वाटतंय म्हणून बागेला दोन फेऱ्या, मग खंडेराव मार्केटमधून भाजी, मग माळा साफ, आणि पुढचे तीन दिवस अंथरुणात. बऱ्या दिवशीही ठरलंय तेवढंच करायचं, हे शिकायला मला कुठल्याही आसनापेक्षा जास्त वेळ लागला.

योगवर्गात शिक्षकांना आधीच सांगा: फायब्रोमायल्जिया आहे, ताणून धरायला लावू नका, कुणी मागून दाबून वाकवू नका. पवनमुक्तासन, मार्जारासन, भिंतीला पाय लावून विपरीत करणी, खुर्चीवरची आसनं आणि लांब शवासन एवढं पुरे. बारा सूर्यनमस्कार हा मराठी घरातला मानाचा आकडा आहे, पण पहिले काही महिने तो विसरा. मे महिन्यात बडोद्याचा पारा चाळीसच्या वर जातो, तेव्हा उन्हं चढायच्या आत किंवा घरातल्या घरात.

दुसरा: तेल, शेक, मालिश

तेल-शेकाला मी कधीच नाही म्हणत नाही. आजार त्याने जात नाही, पण झोपेआधी कोमट तिळाचं तेल पाठीला हलक्या हाताने लावून, गरम पाण्याने अंघोळ करून झोपलं तर त्या रात्रीची झोप सुधारते, आणि या आजारात झोप सुधारणं हा मोठा नफा आहे. ओव्याची किंवा जाड मिठाची पुरचुंडी तव्यावर गरम करून शेकणं, निर्गुंडीची पानं वाफवून बांधणं (इथले लोक त्या झाडाला नगोड म्हणतात), सगळं करून पाहायला हरकत नाही. पुरचुंडी आधी स्वतःच्या मनगटाच्या आतल्या बाजूला लावून बघा. मधुमेहाने पायाची संवेदना कमी झालेली असेल तर पायाला शेक नको. भाजलेलं कळत नाही.

मालिशबद्दल पुरावे दोन्ही बाजूंचे आहेत. वर सांगितलेल्या युरोपीय शिफारशींनी मालिशच्या बाजूने कौल दिला नाही. दुसरीकडे, अनेक अभ्यास एकत्र करून पाहिलेल्या एका विश्लेषणात पाच आठवडे किंवा जास्त चाललेल्या मालिशने दुखणं आणि चिंता उतरल्याचं दिसलं. म्हणजे एखाददुसऱ्या वेळेची मालिश म्हणजे सुख, उपचार म्हणायचा तर नेमाने पाच-सहा आठवडे.

आता दाबाची गोष्ट. बडोद्याला आखाड्यांची परंपरा आहे, इथल्या मालिश करणाऱ्यांचे हात पैलवानाच्या अंगाला सरावलेले. ‘गाठ मोडल्याशिवाय वारा जाणार नाही’ म्हणत ते अंगठा रुतवतात. फायब्रोमायल्जियात गाठ मोडायची नसते. जोराच्या दाबाने मज्जासंस्था आणखी चवताळते आणि दोन दिवस वाया जातात. दुखतं तिथे दाब वाढवायचा नाही, कमी करायचा, हे उताणं पडण्याआधी सांगा. ऐकत नसतील तर उठून या, पैसे देऊन या, पण या. मान किंवा कंबर झटका देऊन ‘बसवणाऱ्या’ कुणाकडेही जाऊ नका. मणक्याला झटके देणाऱ्या कायरोप्रॅक्टिकला त्याच शिफारशींनी सुरक्षिततेच्या कारणावरून ठाम नकार दिलेला आहे.

पंचकर्म करायचं असेल तर

पाणीगेटला सरकारी आयुर्वेद महाविद्यालय आणि त्याचं रुग्णालय आहे. खासगी पॅकेज घेण्याआधी तिथे एकदा दाखवा. निदान कुठल्या क्रिया कशासाठी सुचवतात ते कळेल. वैद्य या आजाराला बहुधा वातव्याधीत बसवतात आणि स्नेहन (तेल लावणं), स्वेदन (वाफेने घाम काढणं), बस्ती (औषधी एनिमा), कधी शिरोधारा (कपाळावर तेलाची धार) सांगतात. फायब्रोमायल्जियावर पंचकर्माचे मोठे, भक्कम अभ्यास झालेले नाहीत, हे धरून चालायचं. तेल आणि वाफेच्या बाह्य क्रिया बऱ्याच अंशी निर्धोक. वमन (उलट्या करवणं) आणि विरेचन (जुलाब करवणं) यांत शरीरातलं पाणी आणि क्षार जातात, म्हणून रक्तदाब, हृदय, मूत्रपिंडाचा त्रास असणाऱ्यांनी, गरोदर स्त्रियांनी आणि आधीच वाळलेल्या माणसांनी आपल्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय ते करू नये.

पंचकर्माहून परतलेली बाई टवटवीत दिसते, हे खरं. पण चौदा दिवस तिने स्वयंपाक केला नाही, डबे भरले नाहीत, दुपारी झोपली, वेळेवर जेवली, तिच्या अंगाला कुणीतरी रोज प्रेमाने हात लावला. त्यातलं तेलाचं किती आणि सुटीचं किती? म्हणून गुण मोजायचा तो घरी परतल्यावर तीन-चार आठवड्यांनी, पुन्हा पोळ्या लाटायला लागल्यावर.

ॲक्युपंक्चर, होमिओपॅथी आणि बाकी

ॲक्युपंक्चरवरच्या नऊ चाचण्यांचा, मिळून ३९५ रुग्णांचा, कॉक्रेन या संशोधन पडताळणाऱ्या संस्थेचा आढावा २०१३ मध्ये आला. काहीच न करण्यापेक्षा ॲक्युपंक्चरने दुखणं आणि ताठरपणा कमी झाला. पण खोट्या, नाटकी सुयांशी तुलना केली तेव्हा फारसा फरक उरला नाही. सुयांना हलका वीजप्रवाह जोडलेला प्रकार त्यातल्या त्यात सरस ठरला. परवडत असेल, सुया नव्या, बंद पाकिटातल्या असतील, तर पाच-सहा वेळा करून पाहावं. रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर आधी सांगावं.

होमिओपॅथीवरचे अभ्यास थोडे आणि लहान आहेत, त्यांवरून शिफारस करता येत नाही. साबुदाण्याच्या गोळ्यांनी नुकसान होत नाही. नुकसान होतं ते ‘आधीच्या गोळ्या बंद केल्याशिवाय गुण येणार नाही’ या अटीने. प्रीगॅबालिन किंवा ड्युलॉक्सेटिन एकदम बंद केल्यास घाम, मळमळ, झोप उडणं, चक्कर असे त्रास होतात. ती डॉक्टरांच्या देखरेखीखाली हळूहळूच उतरवायची असतात. चुंबकाचे पट्टे, तांब्याची कडी, पायातून ‘विष काढणारी’ पाण्याची यंत्रं यांवर वेळ घालवण्यात अर्थ नाही.

पोटात काही घेण्याआधी डबी वाचा

आता खरं काळजीचं प्रकरण. औषधाच्या दुकानात गुग्गुळाच्या दोन डब्या शेजारी शेजारी असतात. एकीवर ‘योगराज गुग्गुळ’, दुसरीवर ‘महायोगराज गुग्गुळ’. किंमत थोडी वेगळी, डबी तीच, आणि ‘महा’ म्हणजे जास्त गुणकारी असं समजून आपण ती उचलतो. डबी फिरवून घटकद्रव्यं वाचा. योगराजमध्ये साधारणपणे वनस्पती असतात. महायोगराजच्या पारंपरिक पाठात रौप्य, वंग, लोह, अभ्रक यांच्या भस्मांबरोबर नाग भस्म, म्हणजे शिसं, आणि रससिंदूर, म्हणजे पाऱ्याचा कल्प असतो. वातविध्वंसासारखे ‘रस’ म्हणवणारे कल्पही पारद (पारा) आणि बचनाग या विषारी मुळीचे. यादीत भस्म, रस, सिंदूर, पारद, नाग, हरताळ, मनःशिला (ही दोन्ही आर्सेनिकची खनिजं) असे शब्द दिसले की मी डबी परत ठेवते. वैद्य म्हणतील शुद्ध केलेलं असतं. असेल, पण महिनोन्महिने घ्यायच्या औषधात हा धोका पत्करण्याइतका या आजारात त्याचा गुण सिद्ध झालेला नाही.

ही भीती हवेतली नाही. बॉस्टन परिसरातल्या दुकानांत मिळणाऱ्या ७० आयुर्वेदिक औषधांपैकी १४ मध्ये शिसं, पारा किंवा आर्सेनिक सापडलं, हा अभ्यास २००४ चा. २००८ मध्ये इंटरनेटवरून मागवलेल्या १९३ औषधांपैकी सुमारे पाचव्या हिश्श्यात तेच. आणि शिशाच्या विषबाधेत काय होतं? अंग दुखतं, थकवा येतो, पोट बिघडतं, लक्ष लागत नाही. हे सगळं आपण ‘फायब्रो वाढला’ म्हणून खपवू आणि त्याच औषधाची मात्रा वाढवू.

डबीवर काय काय असायला हवं: उत्पादकाचं नाव-पत्ता, परवाना क्रमांक, बॅच नंबर, तयार केल्याची आणि संपण्याची तारीख, घटकांची यादी. विषारी घटक असल्यास ‘वैद्यकीय देखरेखीखाली घ्यावे’ अशा अर्थाची सूचना. मांडवीकडच्या गांधीच्या, म्हणजे जडीबुटी विकणाऱ्याच्या, दुकानातून सुंठ, ओवा, मेथी आणा, खुशाल आणा. तयार ‘वातचूर्ण’ सुटं बांधून आणू नका.

आणि पुडीवाला. कागदाच्या पुडीत पांढरट भुकटी, नाव नाही, घटक नाहीत, आणि दुखणं दोन-तीन दिवसांत जादूसारखं कमी. वनस्पती इतक्या घाईने काम करत नाहीत. अशा पुड्यांत स्टेरॉइड किंवा वेदनाशामक दळून घातल्याची उदाहरणं डॉक्टर वारंवार पाहतात. भूक खवळणं, चेहरा गोल दिसू लागणं, साखर आणि रक्तदाब चढणं, पुडी चुकली की अंग मोडून येणं, या त्याच्या खुणा. अशी पुडी काही आठवडे घेतली असेल तर घाबरून एका दिवसात बंद करू नका. शरीराचं स्वतःचं स्टेरॉइड तयार होणं मंदावलेलं असतं आणि अचानक थांबवणं जिवावर बेतू शकतं. पुडी घेऊन फिजिशियनकडे जा, ते उतरवत आणतील.

कशाशी काय जमत नाही

अश्वगंधा सगळ्यात लोकप्रिय, म्हणून आधी ती. झोपेला मदत होते असं काहींना वाटतं. पण प्रीगॅबालिन किंवा ॲमिट्रिप्टिलिनच्या जोडीला घेतली तर गुंगी वाढू शकते, आणि सकाळी ॲक्टिवा काढायची असते. जटामांसी, तगर यांचंही तसंच. अश्वगंधा थायरॉइडचं संप्रेरक वाढवू शकते. थायरॉइडची गोळी चालू असलेल्यांनी टीएसएच तपासल्याशिवाय घेऊ नये, गरोदरपणात मुळीच नाही. अश्वगंधाने यकृताला इजा झाल्याचे रुग्ण अनेक देशांत नोंदले गेलेत. गुळवेलीबाबत मुंबईच्या डॉक्टरांनी २०२१ मध्ये सहा रुग्णांची नोंद प्रसिद्ध केली, आयुष मंत्रालयाने त्या निष्कर्षावर हरकत घेतली. वाद चालू राहो. आपण गुळवेल घेत असू आणि डोळे पिवळे, लघवी गडद, भूक मेलेली दिसली तर त्याच दिवशी थांबवून यकृताची तपासणी करावी.

गुग्गुळ प्रोप्रॅनोलॉल आणि डिल्टियाझेम या रक्तदाब-हृदयाच्या गोळ्यांचा असर कमी करू शकतो. लोह भस्म आणि मंडूर (तेही लोखंडाचंच) थायरॉइडच्या गोळीचं शोषण अडवतात, दोहोंत चार तासांचं अंतर हवं. ज्येष्ठमधाचे काढे फार दिवस घेतले तर पोटॅशियम उतरतं, रक्तदाब चढतो. हळदीचा अर्क असलेल्या कॅप्सूल, लसणाच्या कॅप्सूल रक्त पातळ करणाऱ्या गोळ्यांबरोबर नकोत. भाजी-वरणातली हळद-लसूण वेगळी, त्याची भीती नाही. परदेशातून नातेवाईक आणतात ते सेंट जॉन्स वर्ट आणि ५-एचटीपी (मन आणि झोपेसाठी विकली जाणारी पूरकं) ड्युलॉक्सेटिन, ॲमिट्रिप्टिलिन किंवा ट्रॅमाडॉलबरोबर कधीही नाही. सेरोटोनिन वाढून गंभीर प्रसंग ओढवू शकतो.

मेथीपाक आणि गुंदरपाक ही हिवाळ्यातली चैन आहे, ती तशीच खावी. औषध म्हणून सकाळ-संध्याकाळ एकेक वडी सुरू केली की तूप-गुळाने वजन चढतं, आणि प्रीगॅबालिनने ते आधीच चढत असतं.

दोन्हीकडे सांगायचं कसं

एका कागदावर सगळं लिहून न्या: गोळ्या, काढे, तेलं, पाक, पुड्या. वैद्यांकडचं बोलणं साधारण असं होऊ द्या.

‘डॉक्टर, ही माझी यादी. सकाळी ड्युलॉक्सेटिन, उपाशीपोटी थायरॉइडची गोळी. तुम्ही देताय त्यात कुठलं भस्म आहे का?’

‘आहे थोडं. शुद्ध केलेलं असतं, ताई, काळजी करू नका.’

‘मला भस्म नसलेलंच द्या. नसेल तर सध्या तेल आणि शेकावरच राहू. आणि किती आठवड्यांत फरक दिसायला हवा, तेही सांगा.’

चांगला वैद्य या प्रश्नांनी रागावत नाही, औषधांची नावं चिठ्ठीवर लिहून देतो. नावं न लिहिता घरच्या बनावटीच्या गोळ्या कागदात बांधून देणाऱ्याकडे मी दुसऱ्यांदा जात नाही. बीएएमएस ही आयुर्वेदाची पदवी आणि राज्य मंडळाचा नोंदणी क्रमांक पाटीवर नसेल तर विचारायला संकोच नको.

ॲलोपॅथीच्या डॉक्टरांकडची अडचण निराळी. यादी न बघताच ते म्हणतात, ‘काकू, ते सगळं बंद करा.’ तेव्हा शांतपणे म्हणायचं, ‘करते बंद. पण यातलं काय घातक आहे तेवढं वाचून सांगा, म्हणजे बाकीचं ठेवता येईल.’ बहुतेक जण मग चष्मा लावतात.

करून पाहण्याचे दिवस ठरवा

एका वेळी एकच नवी गोष्ट. सुरू केल्याची तारीख वहीत, आणि त्याच ओळीत थांबायची तारीखही. हालचाल आणि योगाला तीन महिने द्या, मालिश किंवा ॲक्युपंक्चरला सहा आठवडे, पोटातल्या वनस्पतीला आठ. यकृत आणि मूत्रपिंडाची रक्ततपासणी अशा औषधाआधी एकदा आणि ती मुदत संपताना एकदा. महिन्याचा खर्च आधी ठरवून घ्या, कारण या आजारात ‘अजून एक कोर्स’ला अंत नसतो.

मुदत संपली की आधीच्या दोन आठवड्यांची सरासरी आणि शेवटच्या दोन आठवड्यांची सरासरी शेजारी मांडा. दोन अंक उतरले किंवा ठरवलेलं काम जमू लागलं, तर चालू ठेवा. नाही तर बंद, कितीही महाग असलं आणि कितीही प्रेमाने कुणी दिलेलं असलं तरी. आत्यांना काय सांगायचं ते ज्याने त्याने पाहावं. मी ‘अंगाला मानवलं नाही’ म्हणते, त्यावर आमच्या घरात कुणी वाद घालत नाही.

त्रास झाला तर डबी फेकू नका. अंगावर पुरळ, पिवळे डोळे, उलट्या, न थांबणारी गुंगी, काहीही असो, औषध थांबवून डॉक्टरांना दाखवा आणि उरलेलं औषध डबीसकट, बिलासकट पिशवीत घालून ठेवा. आयुर्वेद, सिद्ध, युनानी आणि होमिओपॅथीच्या औषधांचे दुष्परिणाम नोंदवायची सरकारी यंत्रणा २०१८ पासून आहे. तिचं मुख्य केंद्र दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्वेद संस्थानात आहे आणि देशभर तिची छोटी केंद्रं आहेत. पाणीगेटच्या रुग्णालयात विचारलं तर जवळचं केंद्र कुठलं ते कळेल. नोंद रुग्णालाही करता येते. फॉर्म भरताना पहिल्यांदा औषधाचं नाव, उत्पादक आणि बॅच नंबर विचारतात, आणि तो नंबर त्या डबीच्या बुडाशीच छापलेला असतो.